संस्थेच्या दप्तराचे नवे कपाट

माटुंग्यातील आपल्या संस्थेच्या कार्यालयामागील खोलीत आता एक काळे लोखंडी कपाट उभे आहे. त्याच्या जाळीदार दारातून हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात आणि पंख्यांची घरघर रात्रंदिवस चालू असते. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून ते घेतले. वर्धापनदिनी आलेल्या एका पालकांनी मला विचारले, "सर, एवढे पैसे घातले, ते यात नेमके आहे तरी काय?" प्रश्न रास्त होता. मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाचे शास्त्र माझे नव्हे. परंतु खरेदी समितीत माझे नाव घातले गेल्यामुळे ते शिकून घेणे भाग पडले. शिकवणारा आपलाच माजी विद्यार्थी होता. वसतिगृहात असताना तो माझ्या तासाला मागच्या बाकावर झोपत असे, हे त्याच्या संमतीने येथे नमूद करतो.

या कपाटात आपले दप्तर आहे. पहिल्या तुकडीपासूनची प्रवेशपुस्तके आहेत, ज्यांत वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात गिरणी कामगार, गोदी कामगार, बिगारी, शेतमजूर असे शब्द पानोपानी आढळतात. बुद्धपौर्णिमेची व १४ एप्रिलची छायाचित्रे आहेत, पटांगणात झालेल्या शाहिरी जलशांच्या कॅसेटी आहेत. मूळ वस्तू गोदरेजच्या कपाटात आहेत आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती या यंत्रात. ज्या समाजाची नोंद इतरांनी क्वचितच घेतली, त्या समाजाच्या दृष्टीने असे दप्तर हे इतिहासाचे अस्सल साधन असते.

कागद कसे हरवतात हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. दिल्लीच्या अलीपूर मार्गावरील निवासस्थानी राहिलेली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कागदपत्रे महापरिनिर्वाणानंतर उघड्यावर आली आणि त्यांतील काही पावसात भिजली. महाराष्ट्र शासनाने १९७९पासून त्यांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. वसंत मून यांनी संपादित केलेल्या त्या खंडांत कित्येक ठिकाणी प्रकरण अपूर्ण असल्याची, पाने उपलब्ध नसल्याची टीप वाचावी लागते. त्या पानांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

आमच्याकडेही तेच घडले, आणि त्यात दोष माझा होता. वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या अकरा मुलाखती मी नोंदवून एका संगणकात ठेवल्या होत्या. एका सकाळी त्या संगणकातून टकटक असा आवाज आला आणि यंत्र सुरूच होईना. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. माहिती वाचणारे टोक त्यांना न टेकता केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून सरकत असते. अशी वस्तू कधीतरी बिघडणारच. ती बिघडेल का, हा प्रश्न नसतो. केव्हा बिघडेल, एवढाच असतो. त्या अकरापैकी दोघे जण आज कालकथित आहेत. उरलेल्या नऊ जणांकडे मी पुन्हा गेलो. मात्र पहिल्या वेळी सांगितलेली गोष्ट माणूस दुसऱ्या वेळी तशीच सांगत नाही.

या दुखण्यावर १९८८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, आणि त्यांत थोडी जादा माहिती अशा रीतीने ठेवावी की एखादी डिस्क निकामी झाली तरी काही गमावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. या रचनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'रेड' हा शब्द झाला. रेडचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. रेड शून्य या प्रकारात जादा माहिती काहीच नसते. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सर्वच जाते. दुकानदार त्यालाही रेडच म्हणतात, म्हणून सावध केले. रेड एकमध्ये दोन डिस्कवर तीच माहिती, आरशातील प्रतिबिंबासारखी. हे सोपे व खात्रीचे, परंतु निम्मी जागा त्यात खर्ची पडते.

त्यापुढच्या प्रकारांतील युक्ती मला फार आवडली. समजा, तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क बिघडली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करताच हरवलेले ४ परत मिळतात. म्हणजे तीन डिस्कच्या रक्षणास एकच जादा डिस्क पुरली. यंत्राला फक्त ० आणि १ हे अंक ठाऊक असल्यामुळे ते बेरजेऐवजी एकाची संख्या सम आहे की विषम एवढेच टिपून ठेवते. यालाच पॅरिटी म्हणतात. रेड पाचमध्ये पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर आळीपाळीने ठेवतात. आपल्या भोजनगृहात वाढपाची पाळी फिरते तशीच ही वाटणी. एकावरच भार पडत नाही.

मात्र एकाच वेळी दोन डिस्क गेल्या, तर एका बेरजेने दोन आकडे सापडणार नाहीत. त्यासाठी रेड सहामध्ये दुसरे एक गणित साठवतात. पहिल्या आकड्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट करून बेरीज घेतली की ७, ८ आणि २७ मिळून ४२ होतात. आता ७ आणि ४ दोन्ही पुसून टाका. पहिल्या बेरजेवरून त्या दोघांची बेरीज ११ येते, दुसरीवरून पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट १५ येते. म्हणून दुसरा ४ आणि पहिला ७. नववीची मुले हे फळ्यावर दोन मिनिटांत सोडवतात. यंत्राचे प्रत्यक्ष अंकगणित निराळ्या जातीचे असले तरी तत्त्व हेच: दोन अज्ञात, दोन समीकरणे.

आम्ही रेड सहा निवडले. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या सहा डिस्क, एकूण २४. त्यांतील दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाऊन वापरास १६ उरतात. पडद्यावर मात्र साडेचौदाच दिसतात. त्यात कोणी फसवलेले नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि संगणक १०२४च्या पटीने, म्हणून हा फरक. रेड पाच घेतले असते तर २० टेराबाइट मिळाले असते आणि समितीतील काहींचा आग्रह तोच होता. परंतु बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर तिच्यावर माहिती पुन्हा उभी करण्यास कित्येक तास लागतात आणि त्या वेळात उरलेल्या सर्व डिस्क अखंड वाचल्या जातात. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क बहुधा एकाच सुमारास म्हाताऱ्या होतात. ऐन त्या श्रमाच्या काळात दुसरी बसली तर रेड पाच हतबल होते. याच कारणाने आम्ही तीन डिस्क लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणि तीन दुसऱ्या दुकानातून, महिन्याच्या अंतराने घेतल्या.

आता कपाटाविषयी. याला रॅक म्हणतात. त्यात बसणाऱ्या यंत्रांची दर्शनी रुंदी जगभर १९ इंच ठरलेली आहे आणि उंची 'यू' या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आपले यंत्र दोन यूचे, म्हणजे साडेतीन इंच उंच, समोर आठ खण. सहा भरलेले आहेत आणि दोन पुढील वाढीसाठी रिकामे ठेवले आहेत. रुंदी व उंची ठरलेली असते, खोली नसते. हे न कळल्यामुळे आम्ही प्रथम भिंतीवरचे उथळ रॅक मागवले, आणि यंत्र अर्धे बाहेर राहिले. ते परत करताना झालेली शोभा वेगळी सांगत नाही. जड वस्तू तळाशी ठेवायची, अन्यथा रुळांवरून यंत्र पुढे ओढताना कपाटच अंगावर कलंडते. म्हणून यूपीएस सर्वांत खाली आहे. यूपीएस यंत्राशी तारेने जोडलेला आहे. वीज गेली आणि बॅटरी उतरू लागली की यंत्र स्वतः नीट बंद होते. लिहिता लिहिता मध्येच वीज तुटली तर आकडा नवा आणि बेरीज जुनी, अशी विसंगती राहू शकते. गार हवा पुढून घेऊन गरम हवा मागे सोडली जाते, त्यामुळे मागे हातभर जागा मोकळी सोडली आहे. तेथे कृपया सतरंज्या रचू नयेत.

खोली पहिल्या मजल्यावर का, असेही विचारले गेले. तळमजल्यावर जागा होती. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटचा परिसर पावसात कसा तुंबतो हे येथे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पॅरिटीला पाण्यावर उपाय ठाऊक नाही.

माहिती भरण्यापूर्वी आम्ही यंत्राची परीक्षा घेतली. चालू यंत्रातून एक डिस्क सरळ ओढून काढली. गजर वाजू लागला, एक दिवा तांबडा झाला, आणि तरीही प्रवेशपुस्तकाचे नमुन्यादाखल ठेवलेले पान पडद्यावर जसेच्या तसे उघडले. हरवलेला भाग यंत्र त्या क्षणी गणित करून भरत होते. डिस्क कोरी करून पुन्हा बसवली. सकाळी दहाला सुरू झालेली पुनर्बांधणी रात्री आठच्या सुमारास संपली. प्रत्येक खणावर त्यातील डिस्कचा अनुक्रमांक चिकटवला आहे. घाईत बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क बाहेर काढल्याने संकट ओढवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. महिन्यातून एकदा यंत्र सर्व डिस्क आपणहून वाचून गणिते ताडून पाहते, कारण न वाचलेल्या कोपऱ्यातील दोष एरवी संकटाच्या दिवशीच उघडकीस येतो.

गजराविषयी थोडे अधिक. एका संस्थेत असेच यंत्र होते, रेड पाचचे. एक डिस्क गेली, गजर वाजला. कामात व्यत्यय येतो म्हणून कोणीतरी बटण दाबून तो बंद केला आणि यंत्र पूर्ववत चालत राहिले. काही आठवड्यांनी दुसरी डिस्क गेली. पहिल्या वेळी सर्व काही ठीक चालले आहे असे वाटणे, हाच या रचनेतील धोका. आपल्याकडे गजर झाला की तिघांच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो आणि एक कोरी डिस्क कपाटात तयार असते.

परंतु यंत्राची मर्यादा मला खऱ्या अर्थाने कळली ती निराळ्याच प्रसंगाने. दहावीतील एका मुलाने मदत म्हणून फोल्डर नीटनेटके लावताना 'जुने' नावाचे एक फोल्डर पुसून टाकले. जुने म्हणजे नको असलेले, असे त्याला वाटले. त्यात चाळीस वर्षांची छायाचित्रे होती. यंत्राने आज्ञा प्रामाणिकपणे पाळली: सहाही डिस्कवरून ती एकाच क्षणी गेली, पॅरिटीही त्याप्रमाणे सुधारली गेली. रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते. माणसाच्या चुकीपासून, व्हायरसपासून, आगीपासून, चोरीपासून नाही. तिला बॅकअप समजणे ही सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. छायाचित्रे परत मिळाली ती आदल्या रविवारी निराळ्या डिस्कवर घेतलेल्या प्रतीतून. मुलाला कोणी रागावले नाही. फोल्डरला तसे नाव देणारा मीच होतो.

स्वतंत्र प्रत, तीही दूरच्या ठिकाणी, हा उपाय इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. ह्युएन त्सांग इसवी सन ६४५ मध्ये चीनला परतला तेव्हा त्याने ६५७ ग्रंथ नेले. वाटेत सिंधू नदी ओलांडताना काही पोथ्या पाण्यात गेल्या. मायदेशी पोहोचल्यावर त्याने भारतातील भिक्खूंना पत्र लिहून त्यांच्या नकला मागितल्या. पुढे नालंदा जळाले. मूळ संस्कृतात आज न सापडणारे कित्येक बौद्ध ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांत वाचायला मिळतात, ते अशा नकला वेळीच बाहेर गेल्या म्हणून.

आमच्या दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक येथे असते, तिच्यावर दर रविवारी प्रत घेतली जाते. दुसरी नाशिकला एका माजी विद्यार्थिनीच्या घरी असते आणि महिन्याच्या अखेरीस दोन्हींची अदलाबदल होते. प्रथम कल्याणचे नाव निघाले होते, परंतु २००५च्या त्या पावसाने कल्याणही बुडवले होते. एकाच पावसात दोन्ही प्रती सापडू नयेत, म्हणून घाट ओलांडला. दर तीन महिन्यांनी नाशिकच्या डिस्कवरून चिठ्ठी टाकून निवडलेले एक पान उघडून मूळ पुस्तकाशी ताडतो आणि त्याची नोंद वहीत करतो. न उघडून पाहिलेली प्रत आहे असे आम्ही धरत नाही.

अदलाबदलीसाठी दरमहा नाशिकला जाणारे आणखी दोघे हवे आहेत. डिस्क पाच वर्षांनी बदलाव्या लागतील. त्यासाठी वेगळा निधी ठेवला आहे, त्याचा हिशेब कार्यालयात पाहता येईल. ज्यांच्या घरी जलशांच्या कॅसेटी, निरोपसमारंभाचे फोटो किंवा जुनी पत्रे असतील त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ती घेऊन यावे. वस्तू त्याच दिवशी परत मिळेल. कॅसेटच्या कागदावर कार्यक्रमाचे वर्ष आणि गाणाऱ्याचे नाव आधीच पेन्सिलीने लिहून आणावे. घरातील थोरांना विचारून आणल्यास अधिक बरे.