तालुक्याच्या न्यायासनापर्यंतची वाट

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा गावात दोन शेतकऱ्यांमध्ये बांधावरून वाद झाला, तर दावा सामान्यतः आर्वीच्या दिवाणी न्यायालयात दाखल होतो. त्यावरील अपील वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जाते. त्यापुढे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल, तरच उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ दाद घेते. साक्षीदारांची उलटतपासणी प्रत्यक्ष पाहतो तो मात्र तालुक्याचा न्यायाधीश. म्हणूनच हा न्यायाधीश घडतो कसा, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये स्वतंत्र आहेत. तेथील जिल्हा न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने तहहयात नेमतात. भारतात न्यायालयांची उतरंड एकच असून, कायदा केंद्राचा असो वा राज्याचा, खटला त्याच न्यायालयात चालतो. आपला न्यायाधीश येतो तोही स्पर्धा परीक्षेतून.

महाराष्ट्रात ही परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत पार केलेल्या उमेदवाराची ‘दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी’ या पदावर नेमणूक होते. उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत त्याला प्रशिक्षण मिळते. नियुक्ती राज्यपालांच्या नावाने होत असली, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार बदली, बढती आणि शिस्त यांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते. न्यायदंडाधिकारी म्हणून तो तीन वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतो.

पुढची पायरी वरिष्ठ स्तराची आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीशपदाची. सत्र न्यायाधीश या नात्याने तो फाशीही सुनावू शकतो. मात्र ती उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. जिल्हा न्यायाधीशांची काही पदे सात वर्षे वकिली केलेल्यांमधून थेट भरली जातात. वकिली व न्यायिक सेवा मिळून सात वर्षे झालेल्या न्यायाधीशांनाही या थेट भरतीत उतरता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला.

एवढे होऊनही शिखर दूरच राहते. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी. खालून चढत आलेल्याला उच्च न्यायालय गाठेपर्यंत बहुधा पन्नाशी उलटलेली असते आणि हाती मोजकीच वर्षे उरतात.

खरी कसोटी मात्र प्रवेशद्वाराशीच आहे. नवपदवीधरांना २००२ पासून खुला झालेला मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी बंद करून तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायदालनाचा अनुभव नसलेल्या व्यक्तीच्या हाती इतरांचे स्वातंत्र्य व मालमत्ता सोपवू नये, ही त्यामागील भूमिका रास्तच म्हणावी लागेल. परंतु वकिलीच्या प्रारंभीच्या वर्षांत मिळकत तुटपुंजी असते. शहरातील वकिलाच्या मुलाला ही वर्षे सहज निभावता येतील; कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरातील मुलीने ती कशाच्या बळावर काढावीत? होतकरू कनिष्ठ वकिलांना या काळात पुरेसे विद्यावेतन मिळाले नाही, तर बांधाच्या वादाचा निवाडा करणाऱ्यांत बांध पाहिलेले कमीच उरतील.