प्रदेशनिष्ठ पक्षी आणि छायाचित्रकाराचा नकाशा

जे पक्षी एखाद्या ठरावीक प्रदेशातच राहतात आणि त्याबाहेर जगात कोठेही आढळत नाहीत, त्यांना प्रदेशनिष्ठ पक्षी म्हणतात. त्यांतील दुर्मीळ जातींच्या छायाचित्रणासाठी ठिकाण ठरवताना प्रसिद्ध अभयारण्यांच्या याद्या फारशा उपयोगी पडत नाहीत. कारण त्या बहुधा वाघाचे दर्शन, पाणपक्ष्यांचे थवे किंवा निवासाची सोय पाहून केलेल्या असतात, आणि प्रदेशनिष्ठ पक्षी मात्र विशिष्ट उंचीला, विशिष्ट झाडीला आणि पुष्कळदा विशिष्ट ऋतूला बांधलेला असतो. म्हणून आधी पक्षी ठरवावा, त्याच्याविषयीच्या नोंदी तपासाव्यात आणि मगच गावाचे नाव निश्चित करावे.

नोंद तपासणे किती महत्त्वाचे असते, हे महाराष्ट्रातील रानपिंगळ्याच्या इतिहासावरून दिसते. मध्य भारताच्या पानगळीच्या जंगलात राहणाऱ्या या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. परंतु १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. मधल्या काळातील एक नमुना तेवढा १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याचे पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी सांगितले होते. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा हा नमुना दुसऱ्या संग्राहकाचा, चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. त्यामुळे मांडवीचा पत्ता बाद ठरला, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे लक्ष वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातील शहाद्याजवळ रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला.

रानपिंगळा दिवसाही वावरतो, हे छायाचित्रकाराच्या पथ्यावर पडते. साग आणि त्याच्या सोबतीची झाडे पाने गाळू लागली की उघड्या फांदीवर बसलेला हा पक्षी दिसणे सोपे होते. मात्र नेहमीच्या पिंगळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, ही खूण ध्यानात ठेवावी लागते. अडचण अशी की, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा हाच काळ त्याच्या विणीचाही असतो. ढोलीच्या आसपास माणसे रेंगाळली, तर पिल्लांना भरवण्याच्या फेऱ्यांत खंड पडतो. म्हणून ढोलीपासून दूर, पक्षी भक्ष्य शोधायला येतो त्या भागात लांब पल्ल्याच्या लेन्सने काम करणे हाच योग्य मार्ग होय.

दक्षिणेकडे गेल्यास एकाच पर्वतरांगेतही किती काटेकोर निवड करावी लागते, याची कल्पना येते. पश्चिम घाटाच्या उंच माथ्यांवर गवताळ कुरणांच्या मधल्या घळींत जी सदाहरित, बुटकी आणि दाट वने असतात, त्यांना शोला म्हणतात, आणि त्यांच्या तळाशी शोलाकिली हा निळसर, लाजाळू पक्षी वावरतो. पालघाटची खिंड सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद आहे. पण सखल प्रदेशात न उतरणाऱ्या या पक्ष्यांना ती ओलांडता येत नसल्यामुळे खिंडीच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या जाती निर्माण झाल्या. तांबूस कुशीच्या निलगिरी शोलाकिलीसाठी उदकमंडलम म्हणजे उटीच्या परिसरात जावे लागते, तर पांढऱ्या पोटाच्या शोलाकिलीसाठी खिंडीच्या दक्षिणेला मुन्नार किंवा कोडाईकनाल गाठावे लागते. चिलप्पन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांतही अशीच वाटणी झालेली आहे. या वनांत भर दुपारीही उजेड कमी असतो. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन-तीन दिवस राहून सकाळची वेळ साधणे, हे चार ठिकाणी धावपळ करण्यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. पण त्या आवाजामुळे आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी वारंवार धावून येतो आणि त्याची शक्ती विनाकारण खर्च होते. म्हणून पाणवठ्याजवळ लपण, म्हणजे छायाचित्रकार ज्याला हाइड म्हणतात तो आडोसा, उभारलेला असेल आणि पक्षी आपणहून येत असतील, अशा ठिकाणाला प्राधान्य द्यावे.

स्थानिक लोकांचा सहभाग हीदेखील निवडीची भक्कम कसोटी आहे. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट परिसरात रमणा आत्रेय यांनी २००६ मध्ये बुगुन लिओसिक्ला या नव्या पक्ष्याचे वर्णन केले, तेव्हा पक्ष्यांची संख्या अत्यल्प असल्याने त्यांनी एकही पक्षी न मारता पिसे, छायाचित्रे आणि आवाजाच्या नोंदी यांवर भिस्त ठेवली. ज्या बुगुन जमातीवरून पक्ष्याला नाव मिळाले, तिच्या सिंगचुंग गावाने पुढे आपल्या जंगलाचा भाग राखीव केला. पर्यटकाने दिलेले शुल्क जेथे जंगल राखणाऱ्यांच्याच हाती पडते, तेथे जाणे सर्वथा इष्ट आहे.

काही पक्ष्यांसाठी मात्र प्रवास टाळणेच योग्य असते. भारतीय उपखंडापुरत्या मर्यादित असलेल्या माळढोकाची संख्या दीडशेच्याही खाली गेली आहे, आणि मादी जमिनीवर एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. ती अंड्यावरून उठली की अंडे उघडे पडते. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिकारीतच मोडते, ही गोष्ट कॅमेरा घेऊन माळावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्यात जायचेच असेल, तर माळढोकाची अपेक्षा न धरता हिवाळ्यात जावे. थंडीच्या दिवसांत तेथे येणारे भोवत्या, जमिनीच्या रंगात मिसळून जाणारे चंडोल, धाविक आणि काळविटांचे कळप हे सर्व रस्त्याच्या कडेला थांबून, गवतात पाऊल न टाकताही टिपता येतात.