दायाक-मदुरी संघर्ष: रक्तातले वैर नव्हे

बोर्निओच्या इंडोनेशियन भागातल्या, म्हणजे कालिमांतानमधल्या दंगलींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘दायाक मुळातच मुंडकी उडवणारे, मदुरी त्यांचे पिढीजात वैरी.’ सोपे वाक्य आहे आणि चूक आहे.

वैर पिढीजात असेल कसे? दायाक हे इथले मूळ रहिवासी; मदुरी, म्हणजे मदुरा बेटावरचे लोक, इथे मोठ्या संख्येने आले ते विसाव्या शतकात. मुंडकी तोडण्याची प्रथा थांबवण्याचा करार दायाक प्रमुखांनी 1894 साली तुंबांग आनोई इथे केला होता. ही हिंसा पुन्हा पेटली ती 1967 मध्ये. साम्यवादी बंडखोरांचा पाठिंबा तोडायला इंडोनेशियाचे तत्कालीन सत्ताधीश सुहार्तो यांच्या लष्कराने दायाकांना चिनी वस्त्यांवर घातले. हजारो चिनी हुसकावले गेले. त्यांच्या काही जमिनींवर पुढे मदुरी वसले. त्याच वर्षीच्या वनकायद्याने जंगल सरकारच्या ताब्यात गेले आणि लाकूड कंपन्यांना ठेके मिळाले. 1979च्या ग्रामकायद्याने सगळीकडे एकाच साच्याची गावे लादली, पारंपरिक प्रमुखांचा अधिकार गेला. तक्रार ऐकायला कोणी उरले नाही. कंपनी हाती लागत नव्हती. शेजारचा मदुरी, तोही बहुधा गरीबच, सहज सापडत होता.

जानेवारी 2001 मध्ये जिल्ह्यांना स्वायत्तता मिळाली, स्थानिक पदांची चुरस वाढली. फेब्रुवारीत मध्य कालिमांतानमधले सांपिट शहर पेटले. इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपच्या त्याच वर्षीच्या अहवालाने सुरक्षा दलांच्या अपयशावर नेमके बोट ठेवले. शेकडो माणसे मेली, बहुतेक मदुरी. एक लाखाच्या आसपास बेघर झाले. शिरच्छेद झाले, हेही खरे. ही कारणे मारेकऱ्यांना माफ करत नाहीत.

आणखी काही गैरसमज:

‘हे ख्रिस्ती-मुस्लिम युद्ध होते.’ 1999 मध्ये पश्चिम कालिमांतानमधल्या सांबास इथे मदुरींवर आधी तुटून पडले ते मलय, म्हणजे मुस्लिमच.

‘मदुरींना सरकारने आणून वसवले.’ बहुतेक जण पोटापाण्यासाठी स्वतःहून आले.

‘मदुरी भांडखोरच.’ काहींच्या गुन्ह्यांसाठी अख्ख्या समाजाला हाकलणे याला न्याय म्हणत नाहीत.

‘दायाक ही एक जमात.’ ते अनेक समाजांचे सामायिक नाव आहे. त्यांत ख्रिस्ती, काहारिंगान हा पारंपरिक धर्म पाळणारे आणि मुस्लिमही आहेत.

रक्ताला दोष दिला की कायदे करणारे, ठेके वाटणारे आणि माणसे मारली जात असताना ते न रोखणारे, सगळेच नामानिराळे राहतात.