जावा, वास्ते आणि रेशनचा तांदूळ

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या भागात माडिया गोंडांच्या घरी दिवस जाव्याने सुरू होतो. तांदळाची कणी, कुटकी, कोसरी किंवा नाचणी, जे घरात असेल ते भरपूर पाण्यात शिजवायचं. कुणी ते ताजंच पितं, कुणी रात्रभर ठेवून आंबवून. पितात पानाच्या दोन्यातून. शेतावर किंवा जंगलात निघताना हाच जावा भोपळ्याच्या तुंब्यात भरून खांद्याला अडकवायचा. वैशाखातल्या उन्हात तहान आणि भूक दोन्ही त्यावर भागते. मीठ असलं तर चिमूटभर घालतात. फोडणीचा प्रश्नच येत नाही.

या साध्या पेयापासूनच माडिया स्वयंपाकाचा मागोवा घ्यायला हवा, कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या चुलीवर जे जे बाहेरून आलं ते आधी जाव्याच्या भांड्यात उतरलं. धान्य बदललं, दळण्याची रीत बदलली, मीठ स्वस्त झालं. भांडं मात्र चुलीवरून उतरलं नाही.

जुन्या माडिया स्वयंपाकाच्या रीती तीन: उकडणं, भाजणं आणि कुटणं. तळण जवळपास नव्हतंच. तेल होतं ते मोहाच्या बियांचं. जेठात मोहाची फळं, म्हणजे टोळ, गोळा करायचे, फोडून बी काढायचं, वाळवून कुटायचं, वाफवायचं आणि दोन जाड लाकडी फळ्यांमध्ये दाबून तेल काढायचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. इतक्या कष्टाचं तेल भाजीवर कुणी सढळ हाताने ओतणार नाही. पावसाळा लागला की बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. ते सोलून बारीक चिरतात, उकळून त्यांचा कडवटपणा काढतात आणि काही वाळवून ठेवतात. वारुळावर सात्या, म्हणजे अळंब्या, उगवल्या की त्या. कुड्याची फुलं, तरोटा, केना, अंबाडी. मासा पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलेला. आंब्या-जांभळीची पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांचं घरटं काढून, मुंग्या अंड्यांसकट मीठ-मिरचीबरोबर वाटलेली चटणी. तिचा आंबटपणा चिंचेचा नाही, लिंबाचाही नाही; तो जिभेवर झटकन उठतो आणि तितक्याच झटकन जातो. ताप आलेल्या माणसाला ही चटणी मुद्दाम देतात.

दूध या स्वयंपाकात नव्हतं. गाईचं दूध वासराचं, ही समजूत गोंड समाजात खोलवर रुजलेली. म्हणून चहा आला तो बिनदुधाचाच आला आणि बऱ्याच घरांत तसाच राहिला.

आणि कधी काय खायचं हे पंडुम, म्हणजे सण, ठरवतो. मरका पंडुम झाल्याशिवाय आंबा खायचा नाही, विज्जा पंडुमात बियाण्याची पूजा झाल्याशिवाय पेरणी नाही. आंबा पिकायच्या आत झाड ओरबाडलं जाऊ नये, हे गावाने सणातच बांधून टाकलं. मला या स्वयंपाकातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. इथे पाककृतीच्या आधी जंगलाशी केलेला करार येतो.

या कराराला पहिला धक्का स्वयंपाकघरातून बसला नाही, तो शेतीतून बसला. माडियांची जुनी शेती डोंगरउतारावरची. झाडं तोडायची, वाळवून जाळायची आणि राखेत कुटकी-कोसरी पेरायची. तिला पेंडा म्हणतात. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ साली बस्तरच्या माडियांवर ग्रंथ लिहिला, त्यात या शेतीचं सविस्तर वर्णन आहे. इंग्रजांच्या वनखात्याला पेंडा म्हणजे सागाची नासाडी वाटली. जिथे जंगल राखीव झालं तिथे ती बंद पाडली गेली. अहेरीसारख्या जमीनदाऱ्या १९५१ मध्ये संपल्या आणि त्यांची जंगलंही सरकारकडे गेली. उतारावरची भरड धान्यं मागे पडली, बांधातला धान पुढे आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारधही गुन्हा ठरली. वन्यजीव वाचायला हवेत, याबद्दल दुमत नाही. पण ज्या घरात मांस म्हणजे पारधीचंच मांस होतं, तिथे त्याच्या जागी काय द्यायचं याचा विचार कुणी केला नाही.

दक्षिणेकडून आलेले बदल वेगळ्या जातीचे होते. अहेरी-सिरोंचाकडची बोलीच अर्धी तेलुगू, तिथला तिखट-आंबट हात प्राणहितेच्या काठाने वर सरकला. पुढे मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांची वाटच पडली. धान निघाला की माणसं निघायची, महिना-दोन महिने शेतात राहायची आणि मजुरीबरोबर लाल मिरचीची पोती घेऊन परतायची. मिरची मुळात अमेरिकेतली, पोर्तुगिजांनी आणलेली. पण आज लाल मुंग्यांची चटणी मिरचीशिवाय करा म्हटलं तर इथली बाई हसेल. मीठही बाहेरचंच. व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जायचे, आणि चारोळीचं शहरातलं मोल या लोकांना ठाऊक नसायचं. त्या व्यवहाराची चीड भामरागडच्या बाजूला काम केलेल्या कुणाच्याही बोलण्यात आजही येते.

साठच्या दशकापासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना जिल्ह्याच्या या अंगाला वसवण्यात आलं. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावं आहेत. त्यांच्याबरोबर मोहरीचं तेल आलं, तळ्यातली मत्स्यशेती आली, परसातली वांगी-भोपळे आणि पालेभाजी विकण्याची कला आली. माडिया माणूस नदीतला मासा पानात भाजणारा; बंगाली माणूस तळ्यातला मासा हळद लावून तेलात परतणारा. आठवडी बाजारात दोघांची गाठ पडली, हळद-तेलाचा रस्सा माडिया घरात शिरला, आणि पानात भाजलेला मासाही टिकला. यात कुणाचं काही हिरावलं गेलं नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, प्रशांत महासागरातल्या ताहितीची गोष्ट इथे आठवते. तिथे मातीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर पानं अंथरून विलायती फणस, कंद आणि डुक्कर भाजतात. त्या भट्टीला आहिमाआ म्हणतात. १८४२ साली फ्रान्सने तिथे संरक्षक राज्य जाहीर केलं, १८८० मध्ये बेट ताब्यात घेतलं. लांबोळका फ्रेंच पाव बेटावर रुळला, आणि १८६५ मध्ये कापसाच्या मळ्यांवर आलेल्या चिनी मजुरांचे पदार्थही रुळले. लिंबाच्या रसात आणि नारळाच्या दुधात मुरवलेला कच्चा मासा आज तिथे फ्रेंच नावाने मागवतात. पण खरी उलथापालथ पावाने केली नाही. १९६६ ते १९९६ अशी तीस वर्षं फ्रान्सने ताहितीच्याच प्रदेशातल्या दूरच्या बेटांवर अणुचाचण्या केल्या. पगाराच्या नोकऱ्या आल्या, माणसं शेत आणि होड्या सोडून गेली, आणि बोटीतून येणारं डब्यातलं अन्न रोजचं झालं. एटापल्लीला फ्रेंच आले नाहीत, पण हा फरक इथेही तसाच्या तसा दिसतो. शेजाऱ्याकडून, बाजारातून, मजुरीच्या वाटेवरून जे आलं ते चुलीने पचवलं. हुकमाने आणि पगाराने जे आलं त्याने चुलीवरचं काही ना काही हटवलं.

इथला हुकूम रेशन कार्डावर आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य हक्काचं झालं. आधी त्यातला तांदूळ तीन रुपये किलोने मिळे, जानेवारी २०२३ पासून तो फुकट. या तांदळाला नावं ठेवणं मला पटत नाही. श्रावण-भादव्यात, जुनं धान्य संपलेलं आणि नवं हाती नाही अशा दिवसांत, पूर्वी घरं अर्धपोटी राहत. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात या जिल्ह्यातल्या बायका झाडांबद्दल सांगतात. ते वाचताना जंगलाची श्रीमंती कळते, तसं बायकांनी त्यासाठी उपसलेले कष्टही कळतात. कुटकीचं टरफल घट्ट असतं. उखळात मुसळाने ती कांडायला पहाट जाते. गिरणी आली, पांढरा तांदूळ आला, बाईची पहाट मोकळी झाली. तिने कुटकी सोडली म्हणून तिला दोष देणाऱ्याने आधी एक पायली कुटकी कांडून दाखवावी.

तरीही हानी झाली आहेच. भरड धान्य, शेंगा, मुंग्या, मासे, कोंब अशा वीस-पंचवीस जिनसांच्या जागी एकच पांढरा ढीग ताटात आला. रक्तक्षय दिसल्यावर तांदळातच लोह मिसळायचं ठरलं, आणि महाराष्ट्रातला त्याचा पहिला प्रयोग गडचिरोलीतच झाला. या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार लोहयुक्त अन्न सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये असा इशारा पोत्यावर छापावा लागे. माडियाच बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईने तो वाचायचा कसा? चुलीजवळच्या माणसाला न विचारता केलेला इलाज असा पोत्याच्या कडेला येऊन अडतो.

आश्रमशाळेने यात भर घातली. सहा-सात वर्षांचं पोर घर सोडून येतं आणि दहा वर्षं वरण-भात-उसळ खातं. पोट भरतं, शिक्षण मिळतं. पण सात्या कुठली खायची, कुठली विषारी, हे शिकायचं वय तिथेच निघून जातं. सुट्टीत घरी आलेलं पोर मुंग्यांच्या चटणीकडे पाहून तोंड फिरवतं तेव्हा आजीला काय वाटत असेल, हे सांगायला नको.

आता याच भागातल्या सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण आहे. तिचा पट्टा २००७ सालचा, मोठ्या प्रमाणावरचं उत्खनन २०२१ पासूनचं. जिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते तोच हा डोंगर. रस्त्यांवर ट्रकांची रांग, हाती पगार, बाजारात मॅगीची पाकिटं आणि समोसे. पगार वाईट नाही. पण खणलेल्या डोंगरावर वास्ते येत नाहीत.

उलट दिशेचा पुरावाही याच जिल्ह्यातला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार. त्यानंतर एटापल्लीसह जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतःच्या हातात घेतला. कोंब किती काढायचे आणि किती वाढू द्यायचे, हे तिथे पुन्हा गावच्या बैठकीत ठरू शकतं. हीच ग्रामसभा आश्रमशाळेच्या आहाराबद्दलही बोलू शकते. आठवड्यातून दोनदा कुटकीचा जावा, पावसाळ्यात वास्त्यांची भाजी, आणि सात्या ओळखणारी एखादी आजी मुलांबरोबर जंगलात. कुटकी कांडायची यंत्रं आता मिळतात. गावातल्या बायकांनी पिकवलेली कुटकी शाळेने रोख विकत घ्यावी, एवढी एक ओळ सरकारी आहारतक्त्यात आली तरी कामाला सुरुवात होईल.