माँट्रियलचे ऋण

क्रीडामहोत्सवाचा हिशेब समारोपाबरोबर संपतो, अशी समजूत आहे. माँट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकचे उदाहरण याच्या उलट आहे. मुख्य क्रीडागाराचा कलता मनोरा स्पर्धेच्या वेळी अपुराच होता. तो १९८७ मध्ये पुरा झाला. छत त्यानंतर बसले व वारंवार फाटले. कर्ज फिटले ते २००६ मध्ये, मुख्यतः क्यूबेक प्रांताने तंबाखूवर बसविलेल्या विशेष करातून. म्हणजे तीस वर्षे क्रीडेचा भार धूम्रपान करणाऱ्यांनी वाहिला! सायकल-शर्यतींच्या वास्तूस मात्र १९९२ मध्ये जीवसृष्टीच्या प्रदर्शनगृहाचे रूप देण्यात आले. हा पुनरुपयोग मूळ योजनेत नव्हता, हे ध्यानी घ्यावे.

लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये १९२३ सालचे जुनेच कोलिझियम वापरले. शिलकीचा एक भाग युवकक्रीडेसाठी स्थापिलेल्या न्यासाकडे गेला. तो न्यास अद्याप कार्यरत आहे. याचे श्रेय केवळ काटकसरीस देणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. माँट्रियलच्या अनुभवाने इतर नगरे बिचकली होती व अखेरीस लॉस एंजेलिस हे एकटेच उमेदवार उरले. त्यामुळे अटी घालण्याचे बळ त्यास लाभले, आणि तोट्याची हमी नगरपालिकेने देण्याचा प्रघात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला बाजूस ठेवावा लागला.