फवारणीचा गडी आणि त्याचे दुखणे

कपाशीवर फवारणीचे दिवस आले म्हणजे गडी मिळविण्याची जी धांदल उडते, तीत एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. रोज किती, पंप कोणाचा, दिवसाकाठी किती टाक्या होतील, हे सर्व ठरते. गड्याची प्रकृती कशी आहे, हे कोणी विचारीत नाही. तोही आपण होऊन सांगत नाही. फवारणीचा रोज निंदणीहून चढता असतो, पुष्कळदा मालकाकडून उचल घेतलेली असते, आणि अमक्यास दमा आहे ही बातमी एकदा गावात पसरली की दुसरा मालकही त्यास बोलावीत नाही. सबब तो गप्प बसतो. या गप्प बसण्यात काय धोका आहे, ते येथे थोडे विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी औषधे ज्या वर्गात मोडतात, त्या वर्गाचे विष शरीरातील एका विकरावर घाला घालते. मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना निरोप जातो तो एका रासायनिक द्रव्याच्या योगाने. निरोप पोचल्यावर ते द्रव्य नाहीसे करणे हे या विकराचे काम होय. विकर निकामी झाले म्हणजे निरोप थांबतच नाहीत. घाम सुटतो, तोंडास लाळ येते, डोळ्यांची बाहुली बारीक होऊन अंधुक दिसू लागते, छाती आवळते, मळमळ व जुलाब होतात, स्नायू फडफडतात. आरंभीची लक्षणे सौम्य असली तर गडी व मालक दोघेही ‘ऊन लागले’ असे म्हणून मोकळे होतात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर चढतो.

खरी मेख येथेच आहे. रक्ताच्या तांबड्या पेशींतील हे विकर एकदा पुरते निकामी झाले की नव्या पेशी तयार होतील तसतसेच भरून येते. भरण्याचा वेग दिवसाला शेकडा एक एवढाच धरतात. म्हणजे गड्यास बरे वाटू लागले तरी त्याचे रक्त पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. या मधल्या काळात एरवी सोसले असते एवढे थोडे विषही त्यास आडवे करू शकते. त्यातून रोजंदार गडी आज एकाच्या वावरात, परवा दुसऱ्याच्या, असा फिरत असतो. प्रत्येक मालकास आपलाच एक दिवस दिसतो. सर्व दिवसांची बेरीज त्या गड्याच्या शरीरात होत असते, आणि ती त्याच्यावाचून कोणास ठाऊक नसते. म्हणून सांगण्याजोगी पहिली गोष्ट जुना रोग नव्हे, तर ‘गेल्या पंधरवड्यात मी कोठे कोठे फवारले आणि त्यानंतर मला काय झाले’ ही होय.

पूर्वीच्या साथींच्या गोष्टी जुन्या झाल्या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते अजून ताजे आहे. फवारणीच्या विषबाधेने तेथे वीसाहून अधिक माणसे दगावली व शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत रोजाने फवारणारे मजूर पुष्कळ होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र कालविलेली, आणि अंगावर नेहमीचेच कपडे, अशी ती स्थिती होती.

इतर दुखण्यांपैकी दमा, फेफरे, अंतर्गळ आणि हातापायांवरील उघडी जखम किंवा इसब ही लपवू नयेत. सोळा लिटरची भरलेली टाकी अंतर्गळ असलेल्याने वाहू नये, आणि सोललेल्या कातडीतून विष लवकर आत शिरते. पाणी आणून देणारी बाई गरोदर वा अंगावर पाजणारी असेल तर तिने औषधाजवळ येऊच नये. तिचा विचार तर कोणीच करीत नाही. (फवारता फवारता त्याच हाताने खर्रा तोंडात टाकणे हे दुखणे नव्हे, पण दुखण्याहून कमीही नव्हे.)

सांगावयाचे ते काम ठरतानाच सांगावे, अर्ध्या वावरात नव्हे. रोगाचा सारा इतिहास मालकापुढे मांडण्याची गरज नाही. ‘मालक, मला दम्याचा त्रास आहे, फवारणी जमणार नाही, बाकी कोणतेही काम सांगा’ एवढे पुरे. मालकाने ते ऐकून चावडीवर बोलू नये. त्याच सुमारास मूग-उडीद तोडणीस येतात, गोठ्याचे काम असते, न फवारलेल्या वावरात निंदण असते. त्यांपैकी एखादे द्यावे, आणि उचल घेतली आहे म्हणून पंप उचलण्याची सक्ती करू नये. ज्याने खरे सांगितले त्याचाच रोज बुडाला, तर पुढल्या वर्षी कोणीही सांगणार नाही, हे आमच्या शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणीच्या माणसांची कामाआधी वैद्यकीय तपासणी व्हावी असे घातलेले आहे. रोजाच्या गड्यापर्यंत ते पोचलेले आमच्या पाहण्यात नाही. निदान सालदाराचे रक्त तरी हंगामापूर्वी तपासून ठेवावे. या विकराचे प्रमाण माणसागणिक वेगळे असल्याने, आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्यावरून घट नीट कळत नाही.

काम चालू असता गड्याने चक्कर किंवा अंधारी आल्याचे सांगितले तर ‘एवढी टाकी संपव’ असे म्हणू नये. त्यास वावराबाहेर आणून कपडे काढावे, साबण-पाण्याने अंग धुवावे, आणि सोबत माणूस देऊन तत्काळ दवाखान्यात न्यावे. औषधाची बाटली लेबलासह बरोबर असावी. ऑर्गॅनोफॉस्फेटावर ॲट्रोपीनचा उपाय आहे, पण सर्वच कीटकनाशकांवर तो चालत नाही. कोणते विष पोटात वा अंगात गेले, हे डॉक्टरास त्या लेबलावरूनच कळते.