आडव्या प्रवासाचा प्रश्न

वॉशिंग्टनच्या उत्तरेला लागून मेरीलँड राज्याची माँटगोमेरी काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. वस्ती दहा लाखांहून अधिक. तिच्या दक्षिण भागात बेथेस्डा आणि सिल्व्हर स्प्रिंग ही दोन गजबजलेली उपनगरे, एकमेकांपासून जेमतेम सात किलोमीटरांवर. दोन्हीकडे मेट्रोचे स्थानक आहे, तेही एकाच रेड लाइनवर. तरी मेट्रोने इथून तिथे जायचे तर वॉशिंग्टनच्या मध्यात उतरून, वाटेतली १६ स्थानके मागे टाकून पुन्हा वर यावे लागते. ही लाइन नकाशावर इंग्रजी यू अक्षरासारखी दिसते.

यात अभियंत्यांची चूक मला दिसत नाही. माणूस उपनगरात राहणार, सकाळी राजधानीतल्या कचेरीत जाणार आणि संध्याकाळी परतणार, हे गृहीत धरूनच ती आखली गेली. सिल्व्हर स्प्रिंगला मेट्रो १९७८ साली आली, बेथेस्डाला १९८४ साली. इस्पितळातली परिचारिका, उपाहारगृहातला आचारी, विद्यापीठाचा विद्यार्थी हे एका उपनगरातून दुसऱ्यात जाणारे. ते या आराखड्यात बसलेच नाहीत. मोटारवाल्यांची सोय मात्र आधीच झाली होती. राजधानीला वळसा घालणारा सुमारे १०३ किलोमीटरांचा बेल्टवे १९६४ सालीच पुरा झाला.

मुंबईकराला हे नवे नाही. घाटकोपरहून अंधेरीला लोकलने जायचे तर दादरपर्यंत खाली येऊन गाडी बदलायची. थेट आडवी मेट्रो आली ती २०१४ साली, बोरीबंदर–ठाणे गाडीनंतर १६१ वर्षांनी!

काउंटीची स्वतःची ‘राइड ऑन’ बससेवा १९७५पासून आहे आणि २०२५च्या उन्हाळ्यापासून तिला तिकीट नाही. निर्णय चांगलाच, पण फुकट बसही त्याच सिग्नलला थांबते.

खरा उपाय म्हणजे पर्पल लाइन: ट्रामसारखी हलकी रेल्वे, २६ किलोमीटर, २१ स्थानके. बेथेस्डा ते सिल्व्हर स्प्रिंग हा तिचा टप्पा बराचसा जुन्या मालगाडीच्या मार्गावरून जातो. ती मालगाडी १९८५ साली बंद पडली आणि तिथे झाडांच्या सावलीतली पायवाट झाली. शेजारच्या श्रीमंत चेव्ही चेसमधून रेल्वेला वर्षानुवर्षे विरोध झाला. प्रकरण न्यायालयात गेले. काम २०१७ साली सुरू झाले, २०२० साली बांधकाम कंत्राटदारच निघून गेला. २०२२ साली धावायची गाडी आता २०२७च्या हिवाळ्यात अपेक्षित आहे.

विरोध करणाऱ्यांच्या दारात मोटारी होत्या. उशिराची किंमत मोजली ती काउंटीच्या पूर्व सीमेलगतच्या लँगली पार्कसारख्या वस्त्यांनी. तिथे मुख्यतः मध्य अमेरिकेतून आलेली श्रमिक कुटुंबे राहतात आणि त्यांतल्या अनेकांकडे मोटार नाही. या गाडीची सर्वाधिक गरज त्यांना आहे. आता त्यांना वेगळीच धास्ती आहे: रूळ आले की घरभाडी चढतील, आणि गाडी सुरू होईतो आपल्याला इथून उठावे लागेल.